माहेरवाशिणींच्या सात चिंचा

राजेलोकांना शंभर शंभर वर्षांचे बेत आखायची हौस होती, त्या फार पूर्वीच्या काळी एका गावात एक म्हातारी राहत होती. गावाला एक तळं होतं आणि तळ्याच्या काठावर सात जुन्या चिंचा होत्या. त्या चिंचा राखायचं काम पिढ्यान्‌पिढ्या म्हातारीच्या घराण्याकडे होतं.

तुळशीचं लग्न झालं की या चिंचांवर मोठाले पांढरे पक्षी उतरत. लांब पिवळी चोच, शेपटीशी गुलाबी पिसं. शहाणी माणसं त्यांना चित्रबलाक म्हणत. गाव मात्र त्यांना माहेरवाशिणी म्हणायचं, कारण ते इथे बाळंतपणालाच येत. घरटी बांधत, अंडी घालत आणि पिल्लं उडायला लागली की गुढीपाडव्याच्या सुमारास निघून जात.

लेक बाळंतपणाला आली की घर दबक्या पावलांनी वावरतं, तसं ते गाव तेवढे महिने वावरायचं. ढोल नाही, ताशा नाही. थंडीत लग्न निघालंच तर वाजंत्री नाही. शेजारची गावं हसायची, "यांच्यात लग्न लागलं की चोरी झाली, काही कळत नाही!" चिंचा पिकून लोंबायच्या, पण खाली कुणी फिरकत नसे. काठावर सात झाडं असून गाव आमटीला चिंच बाजारातून विकत आणायचं. वेडेपणाच म्हणा. पण त्या वेडेपणावर दर वर्षी शेकडो पिल्लं मोठी होत होती.

एका वर्षी माघात राजा तिकडून चालला होता. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्याने घोडा थांबवला. समोरच्या चिंचेवर एक पक्षीण पंख पसरून उभी होती आणि तिच्या सावलीत तीन पिल्लं बसली होती. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "हे माझ्या पणतवंडांनाही दिसलं पाहिजे. आणि माझ्या प्रजेलाही."

राजा वाईट नव्हता. तो वाईट असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

त्याने आपल्या कारभाऱ्याला आज्ञा केली, "शंभर वर्षांचा आराखडा करा. पक्षी सुखरूप राहिले पाहिजेत आणि लोकांना ते बघता आले पाहिजेत."

कारभारी हुशार होता आणि प्रामाणिकही होता. पण दसऱ्यापासून होळीपर्यंत त्याच्यामागे दरबारची कामं असायची. त्याला सवड मिळायची ती वैशाखात. म्हणून वैशाखात तो दोरखंड, खुंट्या आणि मोजणीदार घेऊन गावात आला. चिंचा मोकळ्या होत्या. फांद्यांत जुन्या काटक्या अडकलेल्या, खाली वाळलेली शीट, बाकी शुकशुकाट.

म्हातारी म्हणाली, "कारभारी, आत्ता काय मापताय? पाखरं येऊ द्या की तुळशीच्या लग्नानंतर. एकदा डोळ्यांनी बघा, मग मारा रेघा."

"तेव्हा दरबारची कामं असतात, आजी. सवड कुठली?"

ऊन मी म्हणत होतं. मोजणीदार घामाघूम होऊन चिंचेखाली येऊन टेकले. कारभारीही टेकला. पागोट्याच्या शेवाने मान पुसत तो म्हणाला, "वा! काय गार सावली आहे. लोकांना बसायला हीच जागा. सातही झाडांना पार बांधू. एक डहाळीसुद्धा तोडायची नाही. आणि पक्ष्यांसाठी पलीकडच्या काठावर चाळीस नवी झाडं लावू. सातच्या बदल्यात चाळीस!"

"माणसांनाच पल्याड बसवा की," म्हातारी म्हणाली. "पल्याडून समदं दिसतं. राजानं पल्याडूनच बघितलं न्हवं?"

"पलीकडे सावली नाही. प्रजा काय उन्हात भाजेल?"

"अवो, पाखरं थंडीत येत्यात. थंडीत ऊनच गोड लागतं."

पण ऐकणाऱ्याच्या पाठीवरून घामाच्या धारा लागलेल्या असताना थंडीची गोष्ट त्याच्या कानात शिरते कुठे? आराखड्यात सात पार उमटले.

चिंचा म्हातारीच्या राखणीत होत्या, म्हणून कागदावर तिचा अंगठा लागणार होता. म्हातारी अंगठा देईना. तेव्हा गावचा पाटील तिच्या दाराशी आला.

"आजी, आराखड्यात शहरापर्यंत पक्का रस्ता आहे. तू अडून बसलीस तर कारभारी आराखडा गुंडाळून जाईल आणि रस्ताही जाईल." मग तो खाली बघत म्हणाला, "तुझी लेक आठव. चिखलात गाडी रुतली नसती तर ती वैद्यापर्यंत पोचली असती."

म्हातारीची एकुलती एक लेक बाळंतपणातच गेली होती, भर पावसात, शहराच्या वाटेवर. त्या दिवसापासून म्हातारीने त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं. पाटील खोटं बोलत नव्हता. म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली. एकीकडे माहेरवाशिणी होत्या आणि दुसरीकडे गावातल्या लेकीबाळी. झाडं तर कुणी तोडत नाहीये, तिने मनाची समजूत घातली. शहाणी माणसं आहेत, आपल्याला काय कळतंय. आणि तिने अंगठा दिला.

पावसाळ्यातही गवंडी थांबले नाहीत. रस्ता झाला, पार झाले. तुळशीच्या लग्नानंतर राजा सहकुटुंब आला. मागोमाग सगळी पंचक्रोशी लोटली. राजा येणार म्हणून बाहेरगावचे ढोल-ताशेही आले. पारांवर माणूस मावेना. थंडीचे दिवस, दाट सावली. लोक घोंगड्या पांघरून कुडकुडत बसले होते.

दुपारी आभाळात पांढऱ्या रेषा दिसल्या. पक्षी आले. चिंचांच्या शेंड्यापर्यंत खाली आले आणि पुन्हा वर गेले. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"अरे, केवढे जवळ आले! बघा, बघा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं नाचायला लागली. पक्षी आपल्याला खेळ दाखवतायत असं त्यांना वाटलं.

एकट्या म्हातारीला कळत होतं की माहेरवाशिणी उतरायला जागा शोधतायत. ती या पारावरून त्या पारावर हात जोडत धावत सुटली. "उठा रे बाबांनो. घटकाभर उठा. पोटुशा हायेत त्या." लोकांनी तिला प्रेमाने बसवून घेतलं, हातावर लाडू ठेवला. कुणी तिला हिडीसफिडीससुद्धा केलं नाही. केलं असतं तर तिला निदान रागावता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी राजानेच विचारलं, "आजी, हे उतरणार कधी?"

"तुमी उठलात की, महाराज."

राजा तडक उठला. ढोल बंद झाले, संध्याकाळच्या आत पार रिकामे झाले. कोण्या राजाने म्हातारीचं इतकं ऐकलं असेल? पण तीन दिवस घिरट्या घालून पक्ष्यांचा धीर संपला होता. पिवळं ऊन पडलं तेव्हा ते तळ्यावरून एकदा फिरले आणि दक्षिणेकडे गेले. त्या वर्षी त्यांनी अंडी कुठे घातली, घातली की नाही, कुणालाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी राजाने पार उखडले. त्या काठावर माणसाला बंदी केली. गाव श्वास रोखून बसलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, एक पीस पडलं नाही. म्हाताऱ्या पाखरांनी तरण्यांना वाट दाखवायची असते. ती वाट तुटली होती. पलीकडच्या चाळीस रोपांपैकी एकवीस जगली. त्यांना घरटं पेलेल एवढी ती होतील तेव्हा म्हातारीही नसेल आणि राजाही नसेल.

रस्त्यावरून तीन अडलेल्या बायका वेळेवर वैद्याकडे पोचल्या, हे सांगायलाच हवं. त्यांतली एक आपलं मूल दाखवायला म्हातारीकडे आली. म्हातारीने बाळाची दृष्ट काढली, आणि ती निघून गेल्यावर पदरात तोंड खुपसून रडली.

बऱ्याच वर्षांनी, माघात, कारभारी एकटाच आला. त्याने दरबार सोडला होता. म्हातारी पलीकडच्या काठावर कोवळ्या उन्हात बसली होती. तो तिच्या शेजारी बसला. समोर सातही चिंचा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लख्ख दिसत होत्या. पिकलेल्या चिंचांनी लगडल्या होत्या. गावाने अजून एकही चिंच तोडली नव्हती. थंडीतली लग्नं अजून मुकीच लागत होती.

बराच वेळ उन्हात पाठ शेकून कारभारी म्हणाला, "इथून सगळं दिसतं, आजी."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आता काय बघायचं ते बघा."

तात्पर्य, कुणाला हवं असेल तर एवढंच: ज्याच्यासाठी बेत आखायचा, त्याच्या दारी तो घरात असताना एकदा तरी जाऊन यावं. घर रिकामं असताना माप घेतलं, तर पुढे रिकामं घरच राखत बसावं लागतं.