ठकूबायची घोंगडी

डोंगरावर गाडीरस्ता यायच्या फार आधीची ही गोष्ट. कारवटवाडीत ठकूबाय नावाची धनगरीण राहायची. वाडीसमोर एक खोल घळ आहे. खालून येणारी पायवाट घळीच्या पलीकडच्या कडेपर्यंत येते आणि तिथून वळसा घालून वाडीत शिरते. पावसाळ्यात घळ धुक्यानं काठोकाठ भरते. त्यावर ऊन पडलं, की सपाट माळच वाटतो.

ठकूबायचा नवरा बिरू अशाच एका संध्याकाळी बाजारातून परतत होता. समोर घरचा दिवा दिसला, म्हणून तो वळसा सोडून सरळ दिव्याकडे चालत गेला. तो घरी आलाच नाही.

पुढे त्यांची लेक लिंबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. तिसऱ्या प्रहरी धुकं उतरलं आणि उन्हानं पिवळं झालं. वाडीतली माणसं पलिते घेऊन धावली.

"इझवा ते," ठकूबाय म्हणाली. "दिवा दिसतो, मधली घळ दिसत न्हाय."

तिनं आपली काळी घोंगडी उचलली आणि वळसा घालून पलीकडची कड गाठली. तिथल्या कारवीच्या झुडपांवर ती घोंगडी पसरू लागली. मागून आलेला धुळा म्हातारा हसला. "व्हय गं ठके, धुक्यात घोंगडी वाळायची कवा?"

"तुमची अक्कल वाळंल तवा, भावजी."

असं म्हणतात, की ती एकच घोंगडी कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरली. ठकूबाय तिच्यापुढे बसली आणि हाका मारू लागली.

बऱ्याच वेळानं ओ आली. "आये, मला काळं काळं दिसतंय. पर किती लांब हायेस गं!"

"लांब न्हाय मी. तिथंच थांब. हात पुढं कर."

लिंबीनं धुक्यात हात लांबवला, तो थेट आईच्या हातात आला.

धुकं विरळ झालं तेव्हा लिंबीला दिसलं, की घोंगडीच्या मागे जमीनच नव्हती. तिनं आईचा हात घट्ट धरला. आईनंही हात सोडला नाही. पहाटे लिंबीला मुलगी झाली.

ठकूबाय त्यानंतर पुष्कळ जगली. धुकं आलं, की ती घोंगडी घेऊन कडेला जायची. असं म्हणतात, की एका पावसाळ्यात ती गेली ती परतलीच नाही. कडेला एक काळा दगड तेवढा उभा होता. धुक्यात तो दगड फार लांब दिसतो, आणि दोन पावलांत हाताला लागतो.

आता खालून रस्ता आला आहे, पायवाटेनं फारसं कुणी येत नाही. तरी पहिलं धुकं आलं, की वाडी त्या दगडावर घोंगडी घालते. त्या वर्षी ज्यांच्या घरचं माणूस गेलं असेल, त्यांची घोंगडी. घरातलं कुणीतरी दगडाला टेकून बसतं आणि धुक्यात हात पुढं करतं. धुकं विरेपर्यंत त्याला कुणी घरी चल म्हणत नाही.