नाचून केलेली भुई

फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण हिच्यात चूक मोठ्यांची आहे.

एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावातली माणसं ख्रिस्ताची भक्ती करत. त्यांचं देऊळ अगदी साधं होतं, भिंती कुडाच्या आणि छप्पर गवताचं. पण देवळातली मातीची भुई अशी घट्ट आणि गुळगुळीत होती, की पंचक्रोशीत तिला तोड नव्हती. तांदूळ सांडले, तरी दाणा न् दाणा वेचून घ्यावा.

सुगी झाली, की बाया नव्या भाताच्या लोंब्या घेऊन देवळात येत आणि वेदीपुढे फेर धरून नाचत. सगळ्यांत पुढे असे एक म्हातारी. तिला वाचता येत नव्हतं. आवाज केव्हाच बसला होता, त्यामुळे गाणंही होत नसे. देवाला द्यायला तिच्यापाशी दोन पावलं तेवढी उरली होती, आणि त्या पावलांचा तिला मोठा अभिमान होता.

एका वर्षी गावात उपासना चालवायला नवे पाळक आले. मनाने चांगले, पण शिस्तीचे फार. सुगीच्या रविवारी फेर सुरू होताच ते ताडकन उभे राहिले.

"थांबा! हे देवाचं घर आहे, जत्रा नव्हे. इथे गुडघे टेकायचे. नाचायचं तर बाहेर जा."

बाया थबकल्या. म्हातारीने लोंब्या वेदीपाशी ठेवल्या आणि ती निमूट बाहेर पडली. घरी जाऊन खूप रडली. पुढे ती देवळात यायची, पण मागे भिंतीशी बसायची, देवाकडे रिकाम्या हाताने आल्यासारखी.

काही महिन्यांनी पाळकांनी देऊळ वाढवायला काढलं. जुनी भुई उकरली, नवी माती भरली, दूरच्या गावाहून गवंडी आणले. त्यांनी एका दिवसात भुई चोपून दिली. आठवड्यात तिला भेगा पडल्या. पुन्हा चोपली, पुन्हा भेगा. वरून टणक, आतून भुसभुशीत. प्रार्थनेला बसलं, की धूळ उडायची. पाळकांचं 'आमेन'सुद्धा शिंकेत जायचं.

सुगी पुन्हा तोंडावर आली, तेव्हा पाळक म्हातारीच्या दारात गेले.

"आजी, जुनी भुई कोणी केली होती?"

"आमी, आन् आमच्या आयांनी," म्हातारी म्हणाली. "माती वली करायची, आन् सात दिस तिच्यावर नाचायचं. हर पावलाला प्रभूचं नाव."

पाळक चपापले. ज्या भुईवर उभं राहून त्यांनी नाच बंद केला होता, ती भुईच नाचून झालेली होती!

"मग याही भुईवर नाचा," ते घाईने म्हणाले. "मी परवानगी देतो."

म्हातारीने मान ताठ केली.

"भुई करायला आमी कधी नाचलोच न्हाई, पाळकबाबा. आमी देवाम्होरं नाचलो, भुई आपसूक झाली. निसतं काम पायजे आसंल, तर मजूर आना. आमची पावलं उपासनेची हायती."

पाळक तसेच घरी परतले आणि दिवसभर विचार करत राहिले.

रविवारी ते सगळ्यांपुढे उभे राहिले. "मी पावलं पाहिली, त्यांच्यातली प्रार्थना पाहिली नाही. मला माफ करा." मग त्यांनी पायातल्या वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या. "आजी, आज उपासना तुम्ही चालवा. मला पहिलं पाऊल शिकवा."

म्हातारीचे डोळे भरून आले. बायांनी भेगाळलेली माती उकरून ओली केली. म्हातारीने पाळकांचा हात धरला आणि त्या ओल्या मातीवर फेर सुरू झाला. सात दिवस अख्खं गाव नाचलं. गवंड्यांना जी साधली नाही, ती भुई आरशासारखी झाली.

फक्त वेदीजवळ एक खोल ठसा राहिला. तिथे पाळकांचा ताल चुकला होता. बाया तो हसत हसत लिंपायला गेल्या, तेव्हा पाळक म्हणाले, "राहू द्या. माझ्यानंतर येणाऱ्या पाळकांना दाखवायला लागेल." गावाने तो ठसा पिढ्यान् पिढ्या मोठ्या अभिमानाने जपला.

तात्पर्य: मनापासून देवाला वाहिलेलं पाऊल हीसुद्धा प्रार्थनाच असते.