सभेला गेलेली पगडी

फार पूर्वी एका गावात एक वैद्यबुवा राहत. त्यांच्याकडे एक लाल रेशमी पगडी होती, खुद्द राजानं बांधलेली. तरुणपणी तापाच्या साथीत त्यांनी तीन गावं वाचवली होती, त्याचा तो मान. मान खरा होता, त्यात खोट काढायची नाही. पण मान मिळाला की काही माणसांचे पाय जड होतात, तसे बुवांचे झाले.

त्या राज्यात नियम होता. दिवाळी झाली की सगळ्या वैद्यांनी राजधानीत सभेला यायचं आणि तीन दिवस बसायचं. कुणाच्या हातून कोणता रोगी गेला, का गेला, कोणतं औषध आता देऊ नये, हे तिथं उघड बोललं जाई. शेवटी राजाचा कारभारी वहीत नावापुढे ‘हजर’ लिही. ज्याच्या नावापुढे हजर, त्यालाच पुढचं वर्षभर औषध द्यायची परवानगी.

बुवा पहिली काही वर्षं गेले. मग त्यांना कंटाळा आला. कालची पोरं मला काय शिकवणार, असं ते घरात म्हणू लागले. आता त्या मुलखात अशी एक चाल होती की मोठ्या माणसाला लग्नाला जाणं जमलं नाही, तर तो आपली पगडी पाठवी आणि यजमान तिला पाटावर बसवून तिचा मान करी. बुवांनी तीच युक्ती सभेला लावली. जावयाबरोबर पगडी धाडून दिली.

सभेत नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पगडीला पाटावर बसवलं, हार घातला आणि वहीत लिहिलं, हजर. अशी अकरा वर्षं पगडी सभेला गेली आणि जशी गेली तशी परत आली. एवढे शहाणे लोक जमलेले, पण पगडीला कान नसतात हे एकाच्याही तोंडून निघू नये, याचा मला अजून राग येतो.

त्यातल्या सातव्या वर्षी सभेत जुलाबावरून वाद झाला. जुनी रीत अशी होती की जुलाब लागले की रोग्याचं पाणी तोडायचं. काही वैद्यांनी आपापल्या गावची गेलेली मुलं आणि वाचलेली मुलं सांगितली, आणि सगळ्यांना कबूल करावं लागलं की मूल जातं ते अंगातलं पाणी आटून. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडा गूळ घालून घोट घोट पाजत राहायचं, असं ठरलं. इतकं साधं. आपले जुने रोगी आठवून त्या दिवशी कितीतरी वैद्य रडले. बुवा तेव्हा घरी आंघोळ करून सुपारी कातरत बसले होते.

त्याच गावात एक कोष्टीण होती. नवरा वारलेला, मागावर लुगडी विणून ती एकुलत्या लेकीला वाढवत होती. लेकीचं नाव येसू, वय सहा. पगडीच्या अकराव्या सभेनंतरच्या उन्हाळ्यात येसूला जुलाब लागले. बुवा बोलावल्याबरोबर आले, नाडी पाहिली, चूर्ण दिलं आणि बजावून गेले की पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले. ती सारखी पाणी मागत होती. शेजारच्या गावाहून कोष्टिणीची बहीण आली होती. तिनं सांगितलं की आमचे वैद्य मीठ-गुळाचं पाणी पाजतात, माझा पोरगा त्यावरच उठला. कोष्टीण धावत बुवांकडे गेली.

“वैद्यबुवा, माझ्या बहिणीच्या गावचे वैद्य मीठ-गुळाचं पाणी पाजतात. तुम्ही एकदा त्यांना विचाराल का? दोन कोसांवर तर आहेत.”

बुवांच्या मनात आलं, विचारावं. पण मग गाव म्हणणार, आपले वैद्यबुवा दुसऱ्याला विचारतात. ते म्हणाले, “त्या कालच्या पोराला मी विचारू? तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर माझं औषध बंद कर.”

विश्वास होता, हेच तर वाईट झालं. कोष्टिणीनं घरी जाऊन पाण्याची घागर बाहेर नेऊन ठेवली. येसू तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटपर्यंत पाणी मागत होती, आणि आईनं दिलं नाही.

खरं काय ते कोष्टिणीला पुढे शेजारच्या वैद्यांकडून कळलं. दिवाळीनंतर ती चालत सभेला गेली आणि तिनं गाऱ्हाणं घातलं. या वेळी बुवा स्वतः आले होते, आपली बाजू मांडायला. कारभाऱ्यानं वही उघडून वाचून दाखवलं की बुवा अकरा वर्षं न चुकता हजर आहेत, तेव्हा त्यांच्याकडे दोष दिसत नाही.

कोष्टीण म्हणाली, “हजर होते ना? म्हणजे पाणी पाजायचं हे त्यांनी ऐकलं होतं. समजूनसवरून माझ्या लेकीचं पाणी तोडलं?”

सभेत कुणी कुणाकडे बघेना. बुवा म्हणाले, “मी नव्हतो. माझ्या जागी पगडी होती.”

“माझ्या येसूच्या जागी कुणाला पाठवता आलं असतं,” कोष्टीण म्हणाली, “तर मी गेले असते.”

बुवांची परवानगी गेली. सभेनं पगड्यांची चाल बंद केली, जी पहिल्याच वर्षी बंद करता आली असती. कारभारी मात्र आपल्या जागेवर राहिला, तसे ते राहतातच. कोष्टीण गावी परतली. पुढे कुणाचंही मूल दारात पाणी मागायला आलं की ती पटकन तांब्या भरून देई आणि आत निघून जाई. मूल पाणी पिताना तिला बघवत नसे.

तात्पर्य सांगायला जड जातं, तरी सांगतो: वैद्यानं शिकणं सोडलं की त्याच दिवशी औषध देणंही सोडावं, आणि तो सोडत नसेल, तर त्याला हजर म्हणून लिहिणारेही त्या पापाचे वाटेकरी.