लेथचा ताठा

लोखंड अजून हातचाक फिरवून कातलं जायचं, तेव्हा एका लेथला मोठा ताठा होता. "माझ्याकडून दांडा सरळच निघतो," तो म्हणायचा.

पुढे मालक गजाभाऊंनी त्याला कॉम्प्युटर जोडला, हत्यारं आपोआप फिरवणारा टरेट घरीच बनवून बसवला आणि जुनं हातचाक भंगारात टाकलं. लेथनं त्याला निरोपही दिला नाही.

पहिलाच दांडा मधे जाड निघाला. "आकडे तर बरोबर आहेत!" गजाभाऊ चक्रावले.

भंगारातून चाक म्हणालं, "तू मधे झिजला आहेस रे. तिथं आलं की मी हत्यार किंचित आत सारत असे, गजाभाऊंच्याही नकळत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू किती खुशीत असायचास!"

गजाभाऊंनी पुन्हा बटण दाबलं. त्या घरघरीत भंगारवाल्याची गाडी चाक घेऊन कधी गेली, ते लेथला ऐकूही आलं नाही.