एकमताने मंजूर झालेलं कलम

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा राजे-राण्या कायदे स्वतःच्या मनाने करत नसत, सभेला विचारून करत. हसू नका, असे एक राज्य खरोखर होते.

त्या राज्यात डोंगर पुष्कळ होते, पण डोंगरांवरची झाडे कमी कमी होत चालली होती. लाकडे जाळून कोळसा करायच्या भट्ट्या गावोगावी होत्या. धुराने दऱ्या भरून जात, झरे लवकर आटत आणि पाऊस त्याच्या मनात आले तर येई, नाही तर नाही. शेवटी राणीने सगळ्या गावांच्या पाटलांची सभा बोलावली आणि नवा कायदा मांडला. भट्ट्या हळूहळू विझवायच्या. त्यांच्या बदल्यात प्रत्येक गावाला एक मोठे चाक मिळेल, सोयीप्रमाणे वाऱ्यावर किंवा पाण्यावर फिरणारे. दळण, तेलाचा घाणा, उसाचा चरक, सगळे त्या चाकावर चालेल. आणि डोंगर, नदी, रान यांच्याकडे जाणाऱ्या पायवाटा सगळ्यांना मोकळ्या राहतील.

चाकांचा भाग लगेच मंजूर झाला. वाटांचा भाग पुढच्या सभेवर गेला. सभा म्हटली की काहीतरी पुढच्या सभेवर जातेच.

आता त्या राज्यात दोन शेजारी गावे होती. डोंगरमाथ्यावर वरगाव आणि पायथ्याला, नदीकाठी, तळगाव. वरगावाला वाऱ्याचे चाक मिळाले आणि तळगावाला पाण्याचे. तळगावाचे चाक रोज फिरायचे, कारण नदी रोज वाहायची. वरगावाचे चाक वारा पडला की थांबायचे. म्हणजे खरे पाहता तळगावाचे बरे चालले होते.

पण तळगावाच्या पाटलाला हे कोण सांगणार? त्याचे चाक खाली, घळीत, जांभळीच्या झाडांआड. जवळ जाऊन वाकल्याशिवाय दिसायचे नाही. आणि वरगावाचे चाक माथ्यावर, पांढऱ्या शिडांचे, चारी बाजूंनी दिसणारे! बाजाराला आलेले लोक तळगावात उभे राहून, तळगावाची भाकरी खाऊन, वर बोट दाखवत म्हणायचे, "काय देखणं चाक आहे हो वरगावचं!"

पाटलाच्या पोटात दुखायचे. तो ओटीवर बसला की समोर चाक. शेतात गेला की डोक्यावर चाक. त्याने बाज फिरवून घेतली, तरी मान आपोआप मागे वळायची. जेवताना तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला.

"अहो, त्या चाकानं तुमचं काय खाल्लं?" पाटलीणबाई विचारायच्या. "आपलं दळण तर रोज हुतंय."

"दळणाचं कोण बोलतंय?" पाटील म्हणायचा. "तो वरचा पाटील सभेत कसा बसतो बघितलंस का? पाय पसरून!"

खरे तर घरात काळजी करण्यासारखी दुसरी गोष्ट होती. पाटलाला एक नात होती, सगुणा. भट्ट्या अजून पुरत्या विझल्या नव्हत्या, आणि तळगाव पडले खळग्यात, त्यामुळे सगळा धूर तिथेच साचायचा. पोरीला धाप लागायची. श्वास घेताना छातीत शिट्टीसारखा आवाज यायचा आणि दोन घास गिळतानाही ती मध्ये थांबायची. वैद्य येऊन गेला होता. "औषध माझ्या बटव्यात नाही, पाटील," तो म्हणाला होता. "वर पठारावर आहे. रोज सकाळी पोरीला वरच्या हवेत न्या. धूर संपेपर्यंत चुकवू नका, नाही तर ही छाती कायमची अधू होईल."

म्हणून पाटलीणबाई रोज सकाळी सगुणाला कडेवर घेऊन वरगावाच्या वाटेने पठारावर जात. गावातल्या आणखी काही बायाही आपली खोकणारी पोरे घेऊन त्यांच्याबरोबर असत. दुपारी परत येताना पोरांच्या गालांवर रंग असायचा. हे सगळे पाटलाला ठाऊक होते. पण हेव्याने माणसाचे डोळे कसे होतात पाहा, रोजची वाट त्याला दिसेनाशी झाली आणि चाक तेवढे दिसत राहिले.

वाटांच्या सभेचा दिवस आला. पाटील रस्ताभर विचार करत गेला. वरगावाच्या बाया पाण्याला आणि धुण्याला तळगावातूनच नदीवर येतात, हे त्याला आठवले आणि त्याला एकदम बरे वाटले. सभेत तो उभा राहिला.

"कायदा चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त एक कलम घालावं. पायवाट ज्या गावाच्या हद्दीतून जाते, त्या गावाच्या परवानगीशिवाय परगावच्या माणसानं तिच्यावर पाय ठेवू नये."

ही सभा म्हणजे जाजम कुठल्या बाजूने अंथरायचे यावरही भांडणारी. पाटलाला वाटले होते, आता तासभर वाद होणार. पण झाले भलतेच. एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. वरगावाच्या पाटलाचा हात तर सगळ्यांत आधी! सभेच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेले ते पहिलेच कलम.

सभेचे नियम राखायला एक वृद्ध बाई होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. माईंनी सगळ्यांचे हात पाहिले, मग चेहरे पाहिले आणि त्या राणीला म्हणाल्या, "मंजूर. कारण मात्र मला कळलं नाही."

"सभेनं ठरवलं," राणी म्हणाली. "मी काय बोलणार?"

पाटील घरी आला तो छाती फुगवून. तळगावाच्या वेशीवर त्याने स्वतः उभे राहून बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालून घेतले. वरगावाच्या बाया हंडे घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. ते त्याने ओटीवरून पाहिले. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी चाकाकडे तोंड करून जेवला, आणि भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई सगुणाला घेऊन निघाल्या त्या तासाभरात परत आल्या.

"काय झालं?" पाटलाने विचारले.

"वरगावच्या वेशीला कुंपण हाय. राखणदार म्हणाला, परवानगी न्हाई. कुणाचा कायदा, म्हणून इचारलं." पाटलीणबाईंनी पोरीला खाली ठेवले. "तुमचं नाव सांगितलं त्यानं."

सगुणा भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या छातीतली शिट्टी ओटीपर्यंत ऐकू येत होती.

थोड्याच दिवसांत सगळे राज्य कुंपणांनी भरून गेले. ज्या गावाकडे रान होते त्याने रान अडवले, ज्याच्याकडे तळे होते त्याने तळे अडवले. ज्या गावाकडे काहीच नव्हते त्याने एक टेकाड शोधून काढले आणि ते अडवले. चाके सगळीकडे फिरत होती, पण फिरणारे माणूस कुठे दिसेना.

सगुणाचा त्रास वाढत चालला. ती आता खेळायला उठेना. पाटलाचा धीर सुटला. त्याने वरगावाला निरोप पाठवला, आणि निरोप लिहिताना त्याचे तोंड कडू झाले. उत्तर लगेच आले. वरगावाचा पाटील काही राक्षस नव्हता. 'तुमच्या नातीला आणि तिच्या आजीला येऊ देऊ. बाकी कोणाला नाही,' असे त्याने कळवले होते.

पाटलाने सुटकेचा निःश्वास टाकला. "जा बघू पोरीला घेऊन," तो म्हणाला.

पाटलीणबाई वरगावाच्या वेशीपर्यंत गेल्या आणि पोरीला घेऊन परत आल्या. या वेळी मात्र त्यांना कोणी अडवले नव्हते.

"आता काय झालं?" पाटील ओरडलाच.

"न्हाई गेले मी," त्या म्हणाल्या. "त्या साऱ्याजणी तिथं पोरं घिऊन उभ्या हुत्या. त्यांचीबी पोरं खोकत्यात. त्यांच्या डोळ्यांदेखत मी पाटलाची बायको म्हणून आत जाऊ? माझा पाय उचलंना, अहो. कुंपण तुम्ही घातलं, तुम्हीच काढा. समद्यांसाठी काढा."

"तू आजी आहेस की कोण?" पाटील म्हणाला.

"आजी हाय म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. "उद्या ही मोठी झाली आन् तिनं इचारलं, बाकीच्या पोरी कुठं गेल्या, तर काय सांगू?"

कुंपण काढायला तो तयार झाला. पण तिथे एक अडचण होती. त्या सभेचा जुना नियम असा, की ज्याने कलम घातले त्यानेच ते काढायचे, आणि काढताना ते का घातले होते ते खरे खरे सांगायचे. सभेला ते पटले तर हात वर. पटले नाही तर सगळे गप्प बसून राहणार आणि कलम तसेच राहणार. पाटलाला तो नियम तोंडपाठ होता. दुसऱ्यांना तो लागू होताना त्याने किती मौजेने पाहिले होते! आता त्याच जाजमावर आपण उभे राहायचे आणि समोर तो वरचा पाटील पाय पसरून बसलेला असायचा, या विचाराने त्याला दरदरून घाम फुटला.

तरी तो गेला.

"मला माझं कलम मागं घ्यायचं आहे," तो म्हणाला.

"घातलं का होतंत?" माईंनी विचारले.

"गुरांसाठी. परगावची गुरं आमच्या पिकात शिरत."

सभा गप्प. एकही हात हलला नाही.

"म्हणजे गुरं तर होतीच," पाटील घाईने म्हणाला, "पण चोरांचाही उपद्रव होता. वाटा मोकळ्या असल्या की..."

सभा गप्पच. कोणीतरी जांभई दिली.

"बसायचं का खाली, पाटील?" माई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "पुढच्या सभेला सांगा हवं तर."

पुढची सभा म्हणजे पावसाळ्यानंतर. पाटील अर्धा खाली वाकला होता, बसणारच होता. त्याच्या डोळ्यांपुढे पोर आली. तो पुन्हा सरळ झाला.

"त्याचं चाक दिसतं," तो म्हणाला.

"काय?"

"वरगावचं चाक सगळ्यांना दिसतं!" पाटील मोठ्याने म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "माझं कुणाला दिसत नाही. लोक माझ्या गावात उभं राहून त्याचं कौतुक करतात. माझं चाक जास्त दळतं, तरी त्याचंच कौतुक. मला बघवलं नाही. त्याच्या बाया पाण्यावाचून परत गेल्या तेव्हा मला अन्न गोड लागलं. बाकी काही कारण नव्हतं. गुरं नव्हती, चोर नव्हते. मी जळत होतो, माई. आणि आता माझी नात आणि गावची पोरं धुरात गुदमरतायत. वाटा उघडा."

सभा पुन्हा गप्प झाली, पण आता कोणी जांभई देत नव्हते. जो तो आपापल्या पायांकडे पाहत होता. आपला अपमान झाला, कलमही राहिले, असे पाटलाला वाटले.

इतक्यात वरगावाचा पाटील उठला. आज तो पाय पसरून बसला नव्हता.

"मी त्या दिवशी हात का वर केला, ते मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "पण सांगतो. माझं चाक दिसतं, हे खरं. वारा पडला की ते बंद असतं, तेही सगळ्यांना दिसतं. लोक खालून बोट दाखवून हसतात. आणि यांची नदी बघावी तेव्हा वाहतेय! रात्रंदिवस! मला वाटलं, बरं झालं, आता याला आपलं पठार बंद करतो. कलम हेच मांडतायत, याचंही मला भान नव्हतं. माझा हात आपोआप गेला."

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "आमच्या शेजाऱ्यांचं तळं..." आणि तिसरा म्हणाला, "आमच्या शेजाऱ्यांच्या आमराया..." मग सभेत जो हशा पिकला, तो आवरता आवरेना. कलम एकमताने का मंजूर झाले, ते माईंना तेव्हा कळले. शेजारी प्रत्येकालाच होता.

हात वर गेले. कलम गेले. संध्याकाळपर्यंत कुंपणांच्या काट्यांचे ढीग वेशीवेशीवर पडले होते.

दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः सगुणाला खांद्यावर घेऊन वर गेला. मागे गावच्या साऱ्या बाया आणि पोरे होती. समोरून वरगावाच्या बाया हंडे घेऊन उतरत होत्या. त्यांनी त्याला वाट दिली, पण एकीनेही रामराम केला नाही. ते त्याला लागले, आणि लागायलाच हवे होते.

सगुणा बरी व्हायला फार वेळ गेला. रोज वर, रोज खाली. तळगावाची शेवटची भट्टी विझल्यावर मग एके दिवशी ती पठारावर इतर पोरींमागे धावली, पडली आणि रडायच्या आधी खदखदून हसली. पाटील दगडावर बसून पाहत होता. शेजारी वरगावाचा पाटील बसला होता, आणि दोघांच्या डोक्यावर ते पांढरे चाक भर वाऱ्यात फिरत होते.

"खरं सांगू?" तळगावाचा पाटील म्हणाला. "अजून बघवत नाही मला तुमचं चाक."

"मला तरी कुठं तुमची नदी बघवते?" वरगावाचा पाटील म्हणाला. "उद्या या. तंबाखू घेऊन या."

तात्पर्य इतकेच: हेवा कोणाच्या मनात येत नाही? आला तर दगडावर बसवा, तंबाखू द्या, पण सभेत त्याला हात वर करू देऊ नका. कारण शेजाऱ्याची वाट अडवणारे कुंपण आपल्या लेकरांनाही आतच कोंडते.