रत्नसेन कारखानिसाचा दोर

एका राज्यात राजाचा दोरांचा कारखाना होता. शंभर कारागीर तिथे अंबाडीचे दोर वळत आणि त्यांच्यावर रत्नसेन नावाचा कारखानीस हुकूम चालवी. बाप कारखानीस होता म्हणून हाही झाला. लोडाला टेकून बसावं, विडा चघळावा आणि तिथूनच "हात चालवा रे" म्हणावं, एवढं काम त्याला उत्तम येई. दोर वळता येतो का म्हणाल, तर त्या गृहस्थाने उभ्या जन्मात अंबाडीला बोट लावलेलं नव्हतं. स्वभावाने वाईट नव्हता हो! सहा वर्षांची मुलगी होती, पद्मिनी, तिच्यावर जीव टाकी. फक्त काम हे दुसऱ्याने करायचं असतं, अशी त्याची भाबडी समजूत होती.

एके दिवशी भर दुपारी दारात एक मांत्रिक येऊन उभा राहिला.

"तहान लागली आहे," तो म्हणाला. "तुझ्या विहिरीवर पोहरा आहे, पण दोर नाही. वीस हात दोर दे."

रत्नसेनाने मान वर न करता म्हटलं, "द्या रे त्याला." मुकादम शेजाऱ्याला म्हणाला, "दे रे." शेजारी पलीकडच्याला म्हणाला, "दे की." तो हुकूम शंभर तोंडांतून फिरून पुन्हा गादीपाशी आला आणि दोर काही जागचा हलला नाही. मांत्रिक हसला. देव करो आणि तसं हसू तुमच्या-आमच्या वाट्याला न येवो.

"रत्नसेना, आजपासून तुझ्या नजरेआड यांचा हात हलणार नाही की जीभ वळणार नाही. नजरेसमोर तू करशील तेवढंच हे करतील, तू बोलशील तेवढंच बोलतील."

रत्नसेनाची पाचावर धारण बसली. "आणि उतारा?"

"उतारा यांच्यातल्याच एकाच्या तोंडी आहे. ते तोंड उघडायचं कसं, ते तुझं तू बघ."

एवढं बोलून मांत्रिक घार झाला आणि उडून गेला.

रत्नसेन मटकन लोडाला टेकला. शंभर जण मटकन जिथे मिळेल तिथे टेकले. तो ओरडला, "उठा! कामाला लागा!" शंभर जण एकमेकांवर बोट रोखून ओरडले, "उठा! कामाला लागा!" त्याने कपाळावर हात मारला, तर शंभर कपाळं वाजली. कारागीर एकही उरला नाही, कारखानीस मात्र एकशे एक झाले. आठ दिवसांत तिथे वीतभर दोर निघाला नाही.

नवव्या दिवशी राजा स्वतः आला.

"नदीला पूर आला आहे. झुलता पूल वाहून गेला. देवीच्या बेटावर जत्रेची तीनशे माणसं अडकली. नाव त्या पाण्यात टिकत नाही."

"महाराज, माझी बायको आणि पद्मिनी तिथेच आहेत!"

"ठाऊक आहे. देवळाच्या चार पायऱ्या उरल्या आहेत आणि पाणी रोज एक पायरी चढतं. चौथ्या दिवशी सकाळी मला दोर हवा."

राजा गेला. रत्नसेन ढसाढसा रडू लागला. डोळे पुसून पाहतो, तर शंभर माणसं त्याच्या दुःखाने रडत होती. ज्यांचं कुणी बेटावर नव्हतं तीसुद्धा. त्याला फार लाज वाटली.

तेवढ्यात वरच्या तुळईवरून साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलत, त्याचं नवल कुणाला नसे.

"रडून दोर होत नाही, कारखानीस. खाली उतर. तुझ्या बापाच्या काळापासून मी इथे राहते, मी सगळं पाहिलं आहे. आधी अंबाडी विंचर."

रत्नसेन गादीवरून उतरला आणि पहिला दिवस अंबाडी विंचरण्यात गेला. लोखंडी फणीवर धागे ओढता ओढता त्याची बोटं सोलून निघाली. एकदा कंटाळून त्याने गाठ तशीच पुढे सरकवली. बाकीच्यांनीही सरकवली, म्हणजे शंभर जुड्यांत शंभर गाठी. मग बसला बिचारा पुन्हा सोडवत. संध्याकाळपर्यंत अंबाडी रेशमासारखी झाली. बेटावरची एक पायरी बुडाली.

दुसऱ्या दिवशी साळुंकी म्हणाली, "आता पेड वळ. उजव्या हाताने पीळ दे आणि उलट्या पावलांनी मागे मागे जा." रत्नसेनाने पेड वळायला घेतला. पद्मिनीचा चेहरा डोळ्यांपुढे होता, त्यामुळे थांबण्याचं नाव नाही. दुपारी त्याची नजर कोपऱ्यातल्या एका म्हातारीकडे गेली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्याच्या लक्षात आलं, आपण पाणी प्यायल्याशिवाय हिला पिता येत नाही! तो मुद्दाम उठला, सावकाश दोन तांबे पाणी प्यायला, घटकाभर सावलीत टेकला आणि मगच पुन्हा पेड हाती घेतला. दुसरी पायरी बुडाली तेव्हा पेड तयार होते.

तिसऱ्या दिवशी त्याने उत्साहाने वर पाहिलं. "साळुंके, आता तीन पेडांचा एक दोर कसा करायचा?"

"ते मला ठाऊक नाही," साळुंकी म्हणाली. "ते काम चाले तेव्हा मी नेमकी अंड्यांवर बसलेली असे."

झालं! आता काय करणार? रत्नसेनाने तीन पेड एकत्र धरले आणि कालच्यासारखाच उजवा पीळ दिला. दोर फुगला, वाकडा झाला आणि हात सोडताच भर्रकन उसवून गेला. शंभर दोर उसवून गेले. दुपार कलत होती.

"माझं चुकलं," रत्नसेन म्हणाला.

"माझं चुकलं," शंभर तोंडं म्हणाली.

तो सगळ्यांकडे बघत राहिला. सगळे चेहरे त्याच्याच चेहऱ्यासारखे भेदरलेले. पण त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचे डोळे भरून आले होते आणि त्याचे तर कोरडे होते. चुकीचा पीळ देताना तिचा जीव तुटला होता. तिचे हात त्याचं ऐकत होते, डोळ्यांनी मात्र ऐकलं नव्हतं.

रत्नसेन उठला, तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसला आणि दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

"आजी, मला येत नाही," तो म्हणाला. आजवर हे शब्द त्याने कुणापुढे उच्चारले नव्हते.

"आजी, मला येत नाही," नव्व्याण्णव तोंडं म्हणाली.

म्हातारीचे ओठ हलले आणि अडले. "मला ये... मला ये..." तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. खोटं बोलायला जीभ वळेना.

"मला येतं!" ती कडाडली.

आणि शाप उतरला. एकच गलका झाला. दहा-बारा दिवसांचं साचलेलं बोलणं सगळ्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "उलटा पीळ, सरकार, उलटा!"

"गप्प बसा रे!" म्हातारी म्हणाली. "सरकार, पेड उजवा वळला तर दोर डावा वळायचा. म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. धरा ते टोक घट्ट."

त्याने धरलं. "नाव काय तुमचं?"

"तुळाबाई. एकेचाळीस वर्षं याच कोपऱ्यात बसते."

रत्नसेनाने पकड आणखी घट्ट केली. तो टोक धरून उभा राहिला आणि सूर्य बुडायच्या आत मांडीएवढे जाड चार दोर तयार झाले.

चौथ्या दिवशी सकाळी साळुंकीने चोचीत सुतळी धरून नदी ओलांडली. सुतळीमागून रस्सी गेली, रस्सीमागून दोर गेले. बेटावरच्या लोकांनी ते देवळाच्या खांबांना बांधले, इकडून कारागिरांनी फळ्या अंथरल्या. शेवटच्या पायरीला पाणी लागलं होतं. पूल वाऱ्यावर हेलकावत होता आणि खाली नदी फेसाळत होती.

रत्नसेन कुणाला 'चला' म्हणाला नाही. स्वतःच निघाला. मध्यावर पोचला, तोच दोर एकदम खाली दबला. त्याला वाटलं, तुटतोय की काय! त्याने वळून पाहिलं. मागे तुळाबाई होती, तिच्यामागे मुकादम, आणि त्याच्यामागे सगळे.

"तुम्ही कशाला आलात?" तो ओरडला. "शाप तर उतरला ना!"

"उतरला म्हणून तर आलो," तुळाबाई म्हणाली. "तीनशे माणसं आणायची, तुमचे दोन हात पुरणार आहेत का? पुढे बघून चाला."

देवळाच्या पायरीवर बायको पद्मिनीला छातीशी धरून उभी होती. दोघींना पाहून रत्नसेनाच्या जिवात जीव आला. पण त्यांच्या शेजारी एक लंगडे आजोबा थरथरत होते, त्यांना उचलणारं कुणी नव्हतं.

शेवटची पायरी बुडण्याआधी सगळी माणसं सुखरूप या तीरावर आली. काठावर उभ्या असलेल्या राजाने पाहिलं, कारखानिसाची लेक तुळाबाईच्या कडेवर बसून येत होती आणि खुद्द कारखानिसाच्या पाठीवर एक अनोळखी आजोबा होते. त्या राज्याचा तो पूल पुढे टिकला, तसा तुमचा-आमचाही टिको.