तेराशे ओळींची फाइल

एका तालुक्याच्या गावी त्र्यंबकराव नावाचे एक वृद्ध कोशकार राहत असत. आपल्या परिसरातील बोलीचे शब्द त्यांनी अकरा वर्षे गोळा केले होते. तो मजकूर संगणकावर सिद्ध करण्याचे काम त्यांची शिष्या शाल्मली हिच्याकडे होते.

कोशाची शेवटची चाळीस पाने छापखान्यात द्यायची, त्याच्या आदल्या दिवशी कोशाच्या कार्यालयात जुन्याच्या जागी नवा संगणक आला. शाल्मलीने आपल्या घरच्या एडिटरमधली, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममधली, सेटिंगची फाइल उचलून जशीच्या तशी त्यावर आणली. अक्षराचा आकार, पानाचा रंग, कळफलकावरच्या सवयीच्या कळा, संदर्भ तपासण्याच्या युक्त्या, सारे त्या एकाच फाइलीत होते. जे सुचले, जे मित्रांकडून मिळाले, ते ती वर्षानुवर्षे खाली जोडत गेली होती. तेराशे ओळी झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच पान वाचताना त्र्यंबकराव खो खो हसू लागले. 'वांगे' या शब्दाखाली उदाहरण होते : "लग्नघरी दोन आचार्यांनी मणभर वांगी चिरली."

"अगं, या विद्वानांना वांगी चिरायला कुणी बसवलं?"

शाल्मलीने घाईने 'आचाऱ्यांनी' असे दुरुस्त केले आणि फाइल सेव्ह केली. क्षणात पुन्हा 'आचार्यांनी'! पुढे पाहते तो दऱ्यांचा दर्या झालेला, आणि जिथे तिथे 'शेतकऱ्यांचे' या शब्दाचे 'शेतकर्यांचे' झालेले. मूळ प्रत सुरक्षित होती, पण नव्या संगणकावर सेव्ह केलेले प्रत्येक पान तसेच होत होते. संध्याकाळी पाचला छापखान्याचा माणूस येणार होता. ती तेराशे ओळी वरखाली करू लागली. काही सापडेना. तिचे डोळे भरून आले.

"सर, अकरा वर्षांचं काम माझ्यामुळे नासणार."

त्र्यंबकराव खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी ती फाइल बाजूला काढून ठेवायला सांगितली. एडिटर कोरा, पांढरा उघडला. त्यात 'आचाऱ्यांनी' लिहून सेव्ह केले, तर शब्द जागच्या जागी राहिला.

"म्हणजे दोष माझ्याच फाइलीत आहे," शाल्मली म्हणाली. "पण तिच्याशिवाय चाळीस पानांचे संदर्भ पाचपर्यंत तपासून होणार नाहीत."

"मग आता पाच रिकाम्या फाइली कर. त्यांना नावं दे : दिसणं, कळा, शुद्धलेखन, संदर्भ आणि अनोळखी. मुख्य फाइलीत फक्त या पाचांना बोलावणाऱ्या पाच ओळी राहू देत. बाकी प्रत्येक ओळ तिच्या तिच्या घरी पोचव. कशासाठी आहे हे सांगता आलं नाही, तर ती अनोळखीत."

"सर, घर पेटलंय आणि आपण कपाट लावत बसायचं?"

"बसू या," त्र्यंबकराव म्हणाले, आणि त्यांनी चहा सांगितला.

ती वैतागतच कामाला लागली. पण एकेक ओळ वाचताना तिचे तिलाच नवल वाटू लागले. अक्षराचा आकार चार ठिकाणी ठरवलेला होता आणि चारही आकार वेगळे! एका कळेला तिने दोन कामे सांगितली होती. ती हसली; मग दोघेही हसले. दीड वाजता सगळे संपले. अनोळखीत एकतीस ओळी उरल्या.

आता ती एकेका फाइलीला बोलावणारी ओळ बंद करून पाहू लागली. चार वेळा काही बदलले नाही. अनोळखी बंद केली आणि 'आचाऱ्यांनी' टिकला. त्या एकतीस ओळींत, सेव्ह करताना 'ऱ्य'चा 'र्य' करणारी ओळ सापडायला पाच मिनिटे पुरली. तिच्यात अक्षराऐवजी अक्षराचा सांकेतिक क्रमांक होता, म्हणून सकाळी ती नजरेतून सुटली होती.

शाल्मली ओळीकडे पाहतच राहिली. "सर, मला वाटलं, कुणा परक्याची असेल. ही मीच लिहिली आहे. दोन वर्षांपूर्वी घरी एका हिंदी पुस्तिकेचं काम केलं होतं. तिथे ऱ्य नको होता."

"मी ती ओळ शोधून दिली असती, तर एक चूक गेली असती," त्र्यंबकराव म्हणाले. "पण तेराशे ओळी तुला अनोळखीच राहिल्या असत्या. आपणच केलेल्या गोष्टी एकत्र कोंबल्या, की त्या आपल्याला परक्या होतात. कुठली कशासाठी केली, हेच आठवत नाही. मग एक बिघडली तरी सगळ्यांचाच संशय येतो."

साडेचारला संदर्भ तपासून झाले. पाने बांधून ठेवल्यावर शाल्मली पुन्हा त्या ओळीपाशी आली. ती पुसून टाकावी म्हणून तिने बोट उचलले, आणि थांबली. तिने सहावी फाइल उघडली, तिला 'हिंदी' असे नाव दिले, ती ओळ तिथे नेऊन ठेवली आणि हिंदीचे काम असेल तेव्हाच तिला बोलवायचे, अशी व्यवस्था केली.

त्र्यंबकरावांनी ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली. "मला वाटलं होतं, तू ती पुसशील."

"ओळ वाईट नव्हती, सर," शाल्मली म्हणाली. "तिला घर नव्हतं."

माणसाच्या सवयींचेही तसेच आहे. आपलाच कचेरीतला करडा आवाज घरच्या जेवणाच्या पानाशी ऐकू आला, तर तो कायमचा पुसायला धावू नये. त्याला त्याच्या जागी पोचवून यावे.